पाचपैकी चार

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी ‘अर्ज’ नावाचा फोल्डर उघडला. तो रिकामा होता.

शुक्रवारी त्यात सत्तावीस अर्ज होते. मी बॅकअप पाहिला. तिथेही काही नाही. अर्ज ज्या पत्त्यावर येत तो मेलबॉक्सही धुऊन काढल्यासारखा स्वच्छ. चुकून बटण दाबलं गेलं म्हणावं, तर अशी चूक एका जागी होते. ही तीन जागी झाली होती, आणि त्या तिन्ही जागा ठाऊक असलेली माणसं चारच होती. त्यातली एक मी.

आमची कंपनी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शिरेतून थेंब थेंब औषध देणारे पंप असतात. दर तासाला किती सोडायचं हे ज्या प्रोग्रामने ठरतं, तो आमचा. कंपनी डॉक्टरबाईंची, पूर्वी त्या लहान बाळांच्याच डॉक्टर होत्या. पंप बसवायला एक मेकॅनिक आहे. त्याच्या खिशात सदैव पाना असतो म्हणून त्याचं नाव पाना. चाचणीचं काम माझं. पदवी भौतिकशास्त्राची, त्यामुळे मोजल्याशिवाय चैन पडत नाही. आणि प्रोग्राम लिहिलाय माझ्या सख्ख्या मामाने, अकरा वर्षांपूर्वी, एकट्याने.

तो फंक्शनल पद्धतीचा आहे. म्हणजे मशीनला ‘आधी हे कर, मग ते कर’ असं सांगत बसायचं नाही. गणितातल्यासारखी छोटी छोटी फंक्शनं एकात एक ओवायची. तेच आत घातलं की तेच बाहेर येणार, आज काय आणि दहा वर्षांनी काय. “यात लपायला जागाच नाही,” मामा म्हणायचा. असं लिहिणारी माणसं मात्र थोडी. नोकरीच्या साइटवर ती सापडत नाहीत. ती एका मेलिंग लिस्टवर असतात: दोन हजार सभासद, साधी अक्षरं, ना चित्र ना रंग, आणि एका कंसावरून तीन-तीन आठवडे चालणारी भांडणं.

पाच महिन्यांपूर्वी मामाने तिथे जाहिरात टाकली, कारण त्याचे डोळे चालले होते. मधलं दिसायचं बंद होत होतं, कडेचं तेवढं राहिलं होतं. हॉस्पिटलांनी स्पष्ट कळवलं होतं की महिनाअखेरपर्यंत हा प्रोग्राम जाणणारा दुसरा माणूस दाखवा, नाहीतर पंप उचला. आता नऊ दिवस उरले होते. मामाची इच्छा एकच होती: डोळे जायच्या आत आपला प्रोग्राम कुणाच्या तरी हाती द्यायचा.

जाहिरातीत त्याने एक कोडं घातलं होतं. एक टाकी आहे, तिच्यात तासातासाला पाणी सोडायचंय. मध्ये नळ बंद पडला तर राहिलेलं पाणी उरलेल्या तासांत सारखं वाटून द्यायचं. याचं फंक्शन लिहा. एका पानावर उत्तर, एका पानावर स्वतःविषयी. बरोब्बर दोन पानं. आलेलं उत्तर मशीनच पाच उदाहरणांवर तपासायचं. पाचही जमली तरच अर्ज मामाकडे. नाहीतर नकाराचं पत्र आपोआप, आणि अर्ज त्या फोल्डरात.

मामाकडे एकही अर्ज गेला नव्हता. निकालांची यादी तेवढी वेगळी राहते, ती शाबूत होती. तिच्यात नावं नाहीत, फक्त गुण. सत्तावीस ओळी. प्रत्येकीत पाचपैकी चार.

“आजकालच्यांना शेवटचा कोपरा दिसत नाही,” मामा म्हणायचा.

ती यादी मामासाठी छापायला घेतली. त्याच्यासाठी छापायचं तर अक्षर तिप्पट करावं लागतं. प्रिंटरचा दिवा लुकलुकायला लागला. शुक्रवारी निघताना मीच त्यात पाचशे कागदांचा नवा गठ्ठा घातला होता. ट्रे ओढून मोजले. चौदा उरले होते.

रविवारी इमारत बंद असते, म्हणजे जे झालं ते शनिवारीच. मामाला मी संशयितांतून आधीच वगळलं होतं. शनिवारी त्याच्या डोळ्यांची तपासणी होती. ते थेंब घातले की दिवसभर त्याला पडद्यावरचं काही वाचता येत नाही. मी फोन केला.

“आज येत नाही गं मी,” तो म्हणाला. “खांदा भरून आलाय.”

मी फोल्डरचं सांगितलं.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “नापासांचाच होता ना?”

आणि फोन ठेवला. मामाने माझ्या आधी फोन ठेवल्याचं मला आठवत नाही.

२

पाना मागच्या खोलीत एका पंपाचं पोट उघडून बसला होता.

“या चाचणीबाई. आज कुणाला नापास करायचंय?”

“शनिवारी तू इथे होतास?”

“होतो की. बाराला आलो, हा पंप ठेवला, गेलो. हजेरी घेताय?”

“अर्जांचा फोल्डर कुणीतरी रिकामा केलाय. बॅकअपसकट.”

त्याने दातांत धरलेला स्क्रू काढून तळहातावर ठेवला. “बरं झालं. पाच महिने तुम्ही त्या दोन हजार साधूंमध्ये माणूस शोधताय. माझ्या मेहुण्याला घ्या म्हटलं, तर तुझा मामा काय म्हणाला? ‘त्याला हुकूम सोडता येतात, विचार करता येत नाही.’ मेहुणा समोर जेवत होता! घास हातातच राहिला त्याचा.”

“बॅकअपचा डबा तूच बसवलास.”

“पंखाही मीच बसवलाय. म्हणून वारा माझा का?”

मी हसले नाही. त्याने ते पाहिलं आणि आवाज उतरवला.

“एक सांगतो. मी आलो तेव्हा आतल्या खोलीत प्रिंटर चालू होता. खडखड, खडखड, थांबायचं नाव नाही. दार लोटलेलं. मला वाटलं तूच. म्हटलं, बाईंच्या कामात कशाला तडमडा?”

“किती वेळ चालला होता?”

“मी होतो तोवर. वीस मिनिटं तरी.”

म्हणजे फोल्डर रिकामा करण्याआधी त्यातलं सगळं कागदावर उतरवून नेलं होतं. चोर मूळ पळवतो किंवा नक्कल करतो. दोन्ही कशाला करेल? मी विचार करत निघाले, तोच नजर त्या उघड्या पंपावर गेली.

“हा बिघडलाय?”

“छे. उत्तम चालतोय. नदीपलीकडच्या हॉस्पिटलातला आहे. याच्या आतली नोंद डॉक्टरबाईंनी काढून घेतली आणि म्हणाल्या, कुणाला बोलू नकोस.” त्याने सुस्कारा टाकला. “आता तुला बोललो.”

“काय होतं नोंदीत?”

“रोजचंच. बाटली बदलायला थांबवलाय, मग तासभर चाललाय, मग वीज गेलीय. वीज आल्यावर पुन्हा चालू.” तो पान्याशी चाळा करत राहिला. “फक्त मी पंप उतरवायला गेलो ना, तेव्हा बाळाची ती काचेची पेटी रिकामी होती. आणि नर्स ती पुसत होती.”

३

डॉक्टरबाई टेबलाशी बसल्या होत्या. समोर एक कागद होता. मी आत येताच त्यांनी त्यावर तळहात ठेवला.

“शनिवारी तुम्ही आला होतात?” मी विचारलं.

“माझ्याच ऑफिसात मला विचारतेस? नव्हते आले. बस.”

“तुम्हाला कंपनी विकायचीय.”

“माणूस मिळाला नाही तर विकणार. मामाला तोंडावर सांगितलंय तसं.”

“मग माणूस न मिळण्यात तुमचा फायदाच आहे.”

त्या हसल्या, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. “मामावर गेलीस. बरं, आता डोकं पुढे चालव. मला माणूस मिळू द्यायचा नसता, तर मी पास झालेल्यांचे अर्ज पळवले असते. नापासांचे घेऊन काय करू, पिशव्या? पाच महिने ज्या कागदांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, ते एका शनिवारी कुणाला इतके का हवेसे वाटले? ते विचार.”

प्रश्न बरोबर होता. सकाळपासून मी ‘कोणी’ विचारत फिरत होते. ‘आत्ताच का’ हे विचारलंच नव्हतं.

“आणि तो मागचा पंप?”

“पानाच्या पोटात एक गोष्ट राहत नाही.” त्यांचा हात त्या कागदावर हलके हलके आपटत होता, मूल थोपटताना आपटतो तसा. त्यांना स्वतःला ते कळत नसावं. “अकराशे ग्रॅमचं होतं. सव्वीस दिवस झाले. त्या हॉस्पिटलने माझं मत मागितलंय, जुन्या ओळखीने. इतक्या लहान जिवाला जायला दहा कारणं असतात. मी एकेक तपासतेय.”

“आपला पंप कितवं कारण?”

“दहावं. नऊ झाली. कुठल्यातच काही नाही.” त्यांनी मान वर केली नाही. “दहाव्याशी मला पोचायचं नाहीये, कळलं?”

मी दाराशी आले तेव्हा त्या म्हणाल्या, “लिस्टवरच्या त्या चौकीदाराला विचार. शुक्रवारी त्याचा फोन आला होता मामासाठी. बोलून झाल्यावर मामा खुर्चीत नाही बसला. जिन्यात जाऊन बसला. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाला, ‘पायऱ्या मोजतोय.’”

४

मेलिंग लिस्टवर कोणतं पत्र जाऊ द्यायचं आणि कोणतं अडवायचं, हे ठरवणारा एक माणूस असतो. तो सही करतो ‘चौकीदार’ अशी. एकोणीस वर्षं फुकट हे काम करतोय. मी फोन लावला. आवाज बारीक निघाला, शाळेतल्या गणिताच्या सरांसारखा. आणि तो होताही तेच, निवृत्त.

“बोला,” तो म्हणाला. “मला कल्पना होती, कुणीतरी विचारायला येईल.”

“शुक्रवारी तुम्ही गुरुजींना काय सांगितलंत?” लिस्टवर मामाला गुरुजी म्हणतात.

“आमचे नियम दोनच आहेत हो. नव्या सभासदाचं पहिलं पत्र मी वाचल्याशिवाय पुढे जात नाही. आणि नोकरीच्या कोड्याचं उत्तर चारचौघांत फोडायचं नाही. फोडलं तर जाहिरात देणाऱ्याची मेहनत वाया जाते. बरोबर ना?”

“बरोबर.”

“तुमच्याकडे एका बाईंनी अर्ज केला होता. नकाराच्या पत्रात क्रमांक होता सात. त्यांनी तुमच्या पत्त्यावर पुन्हा तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा तेच नकाराचं पत्र आलं त्यांना.”

पत्रासोबत उत्तर जोडलेलं नसलं, की आमचं मशीन ते वाचायलाही कुणाला देत नाही. नकार पाठवतं आणि पत्र टाकून देतं. ती सोय मीच सुचवली होती.

“मग त्यांनी लिस्टवर लिहिलं. पहिलंच पत्र, आणि त्यात कोड्याचं उत्तर. मी अडवलं. कळवलं, उत्तर वगळून पुन्हा पाठवा. त्यांचं आलं, ‘उत्तर वगळलं तर पत्रात उरतं काय?’ त्यानंतर त्यांनी लिस्ट सोडली.”

“कधीची गोष्ट?”

“आज एकशे अठरा दिवस झाले. शुक्रवारी मी अडवलेल्या पत्रांची रांग साफ करत होतो. तेव्हा ते पत्र पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं.”

“पहिल्यांदा? आधी अडवलंत तेव्हा...”

“उत्तर दिसलं की मी पुढे वाचत नाही. मलाही कोडी सोडवायची हौस आहे हो. म्हटलं, आपण स्वतः सोडवू निवांत.” त्याचा आवाज आणखी बारीक झाला. “राहूनच गेलं.”

“शेवटी काय होतं?”

“उत्तर सोडून वाचतो,” तो म्हणाला. अजूनही नियम! कागद सळसळला. “‘ही टाकी खरोखर टाकीच असेल, तर माझं काही म्हणणं नाही. पण ती दुसरं काही असेल, तर कृपया आजच बघा.’”

५

मी दार लावून घेतलं आणि पेन्सिलीने पाचवं उदाहरण सोडवायला बसले. दोन वर्षं मी या प्रोग्रामची चाचणी करतेय. हाताने मी ते एकदाही सोडवलं नव्हतं.

आठ तास. दर तासाला चोवीस लिटर. म्हणजे एकूण एकशे ब्याण्णव. दुसऱ्या तासाला नळ बंद. राहिलेले चोवीस लिटर उरलेल्या सहा तासांत वाटायचे: प्रत्येकी चार. म्हणजे तिसऱ्या तासाला अठ्ठावीस. चौथ्या तासाला नळ पुन्हा बंद. ते अठ्ठावीस उरलेल्या चार तासांत वाटायचे: प्रत्येकी सात. शेवटच्या चार तासांत पस्तीस-पस्तीस.

मशीनमध्ये बरोबर म्हणून ठेवलेलं उत्तर होतं एक्केचाळीस.

मी बेरीज केली. पस्तीस धरले तर टाकीत एकशे ब्याण्णव लिटर जातात, जेवढे जायला हवेत तेवढेच. एक्केचाळीस धरले तर दोनशे सोळा. चोवीस जास्त. एका अख्ख्या तासाचं पाणी. पहिल्या वेळचं राहिलेलं, जे आधीच वाटून दिलं होतं, ते आमचा प्रोग्राम दुसऱ्या वेळी पुन्हा मोजत होता. नळ एकदा बंद पडला तर काही बिघडत नाही. म्हणून पहिली चार उदाहरणं जुळत. थोड्या अंतराने दोनदा बंद पडला की बिघडतं.

आणि हे मला केव्हाच, पेन्सिलीशिवाय कळायला हवं होतं. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी शिकवतात की चुका विखुरतात. सत्तावीस माणसं आपापल्या घरी बसून, एकमेकांना न विचारता चुकली, तर सत्तावीस ठिकाणी चुकतील. कुणी पहिल्यात, कुणी तिसऱ्यात. सगळीच्या सगळी एकाच जागी अडखळली, तर खड्डा त्या जागी असतो, पायांत नाही. सत्तावीस ओळी, पाचपैकी चार. सकाळी मी ती यादी पाहिली आणि प्रिंटरकडे गेले.

उदाहरणांची उत्तरं आली कुठून? मामाने कोडं आपल्याच प्रोग्राममधून काढलं होतं. बाळाच्या जागी टाकी घातली, एवढंच. उत्तरंही त्याच प्रोग्रामची. माझ्या चाचण्यांतही तेच. आमच्यात एक रेफरन्स फाइल असते: प्रोग्राम आज जे सांगतो ते टिपून ठेवायचं, आणि उद्याही तो तेच सांगतो का ते बघायचं. रोज सकाळी सगळं हिरवं, म्हणजे पास, यायचं. तो काल बोललेलंच आज बोलला, एवढंच मी दोन वर्षं सिद्ध करत होते.

आता फोल्डर. सत्तावीस अर्ज, दोन-दोन पानं, चोपन्न. ट्रेमधून गेलेले कागद चारशे शहाऐंशी. चोपन्न नव्वे चारशे शहाऐंशी. एका पानाची नऊ पानं होतात, जेव्हा अक्षर रुंदीला तिप्पट आणि उंचीला तिप्पट असतं. एखाद-दोन पानांचा फरक मी चालवून घेतला असता. फरक नव्हताच.

त्याच्या डोळ्यांत थेंब होते म्हणून मी त्याला वगळलं होतं. डोळ्यांत थेंब होते म्हणूनच तो छापत होता. बोटांना कळफलक पाठ होता. वाचायला मात्र रविवारचा उजेड हवा होता. आणि पाचशे कागदांची पिशवी उचलून नेली की साठीच्या माणसाचा खांदा भरून येतोच.

६

मामाचं दार उघडंच होतं. एका खोलीचं घर. पलंगावर, फरशीवर, ओट्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर सगळीकडे कागद. एकेका पानावर आठ-दहा काळ्या ओळी. मधोमध तो भिंग घेऊन बसला होता.

“चपला बाहेर काढ,” तो म्हणाला. “सत्तावीस जण बसलेत.”

मी पाय ठेवायला जागा शोधत आत आले. “सगळे वाचलेस?”

“तेवीस. पण कळायला त्या सात क्रमांकाच्या बाईंचं, सातवीचं, एक पान पुरलं असतं. तिने बेरीज करून दाखवलीय. शेवटी एक ओळ, बेरजेची. अकरा वर्षांत मला ती ओळ सुचली नाही.” त्याने भिंग गुडघ्यावर ठेवलं. “काय सुंदर लिहितात गं ही पोरं. अकरावा बघ, चार ओळींत संपवलंय त्याने. मी त्याला पत्र पाठवलं, ‘आपण आमच्या पात्रतेत बसत नाही.’”

“पत्र मशीनने पाठवलं.”

“मजकूर कुणी लिहिला?”

मी पलंगाच्या कडेला टेकले. “मामा, फोल्डर का पुसलास?”

त्याने डोळ्यांच्या कडेने, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. मधून त्याला मी दिसत नव्हते.

“चाचणीच्या दाखल्यावर सही कुणाची आहे?” त्याने विचारलं.

माझी होती. दोन वर्षं, दर महिन्याला.

“चार दिवस हवे होते मला, तोवर हे कुणाच्या हाती लागायला नको होतं,” तो म्हणाला. “चूक दुरुस्त करायची, जुन्या तारखेने मीच तपासलं असं लिहायचं, मग सगळ्यांना सांगायचं. माझं काय आता, डोळे गेलेच आहेत. तुझं अजून सगळं व्हायचंय. ताईला मी काय सांगणार होतो?” ताई म्हणजे माझी आई.

“चार दिवस? मामा, शुक्रवारपासून पंप चालू आहेत!”

“दोनदा बंद पडतो कुठे गं सारखा? क्वचित—”

“सव्वीस दिवसांपूर्वी पडला. नदीपलीकडे. बाटली बदलायला थांबवला, तासभर चालला, मग वीज गेली.”

त्याला ते ठाऊक नव्हतं. हे मी शपथेवर सांगू शकते, कारण त्याचा चेहरा मी पाहिलाय. भिंग गुडघ्यावरून घसरलं आणि सातवीच्या पानावर पडलं, आणि एक अक्षर उगाचच प्रचंड झालं.

“किती वजन होतं?” त्याने विचारलं.

मी सांगितलं. मग त्याच्यासमोरच डॉक्टरबाईंना फोन लावला. तीन वाक्यांत सगळं बोलले. त्या एवढंच म्हणाल्या, “दहावं.” मग म्हणाल्या, “थांब, हॉस्पिटलांना आधी फोन करते. बोलू नका आता कुणी.”

७

त्या दुपारी एकेक हॉस्पिटल पंप उतरवत गेलं. नर्सनी हाताने थेंब मोजायला घेतले, पूर्वी मोजत तसे. पानाने दोन दिवसांत एकूण त्रेसष्ट पंप परत आणले आणि आमच्या बोळातल्या भिंतीशी उतरंडीसारखे रचले. या दोन दिवसांत त्याने एकही टोमणा मारला नाही. ते मला सगळ्यात जड गेलं.

डॉक्टरबाईंनी ती नोंद आमच्यासमोर मांडली. पंपाने एका तासाचं औषध जास्त दिलं होतं, आमच्या बेरजेइतकं, तंतोतंत.

“यानेच गेलं का?” मी विचारलं.

“साधं सलाइन असतं तर निभावलं असतं. आत हृदयाचं औषध होतं.” त्या चष्मा पुसत राहिल्या. “पण यानेच गेलं का, ते माहीत नाही. आणि आता कधीच कळणार नाही. त्या आई-बापांनाही मी हेच सांगणार आहे. उद्या जातेय.”

“अकरा वर्षांत असं आधी किती वेळा...”

“तुझा पंप किती दिवसांचं लक्षात ठेवतो?”

तीस. त्यापलीकडचं तो विसरतो.

दाखल्यांवरच्या सह्या मी तशाच ठेवल्या आणि चौकशीसाठी दिल्या. मामा एकदाच म्हणाला, “मी तपासलं म्हणून सांग.” मी म्हटलं, “तू नव्हतंस तपासलं. मी तपासलं होतं.” त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही.

मग एक काम उरलं. सत्तावीस जणांचे पत्ते आता फक्त त्या चारशे शहाऐंशी कागदांवर होते. मी ते बघून एकेक टाइप केले आणि प्रत्येकाला तेच लिहिलं: तुमचं उत्तर बरोबर होतं. चूक आमची होती. लिस्टवरही पाठवलं. चौकीदाराने या वेळी अडवलं नाही. उत्तर आत असूनही.

लिस्टवर पहिल्या तासात चाळीस पत्रं आली. कुठल्या फंक्शनने हे आधीच टळलं असतं यावर. दुपारपर्यंत त्यातली दोन माणसं एका कंसावरून भांडू लागली. सत्तावीसपैकी उत्तरं आली ती नऊ. आठ जणांनी सौजन्याने लिहिलं होतं, की ते आता दुसरीकडे काम करतात.

नववं सातवीचं होतं. एकच ओळ.

‘कळवल्याबद्दल आभार. टाकीत काय होतं?’

मी ती ओळ बराच वेळ पाहिली. तिचं पत्र अडवलं गेलं, त्याला ते बाळ गेलं तेव्हा ब्याण्णव दिवस झाले होते. वजाबाकी मी आधीच करून ठेवली होती. ब्याण्णव दिवस तिचं उत्तर एका रांगेत पडून होतं, शेवटच्या बेरजेसह. तिने चार वेळा दार वाजवलं होतं. हे तिला कळलं तर ती आयुष्यभर विचार करेल, की आपण पाचव्यांदा का नाही वाजवलं. आणि नाही कळवलं, तर मी पुन्हा एकदा, हिरवं आलं म्हणून सही करीन.

बाहेर बोळात मामा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. रोज येतो, कडेकडेने भिंत धरून. पंपांवरून एकेक करत हात फिरवत होता, वरच्या ओळीतून खालच्या ओळीत. त्रेसष्ट झाले की पुन्हा पहिल्यापासून.

“आलं का गं कुणाचं?” त्याने तिथूनच विचारलं.

“आलंय.”

“कोणाचं?”

“सातवीचं.”

त्याचा हात थांबला. “येते म्हणतेय?”

मी लिहायला सुरुवात केली: एक मूल होतं.

“मामा,” मी म्हटलं, “ती विचारतेय.”

त्याने काय ते विचारलं नाही. काही वेळाने त्याचा हात पुन्हा पंपांवरून सरकायला लागल्याचा आवाज आला, आणि तो हळू आवाजात मोजू लागला, एक, दोन, तीन, आणि चौथ्यावर त्याचं चुकलं, तो परत एकपासून लागला.